कार्ड जुळवून भागणार नाही

यवतमाळ जिल्ह्यात शाळा आणि आरोग्य यांवर कुठेही चर्चा निघाली की एक मत हमखास ऐकू येतं. झरी जामणी, मारेगाव, घाटंजीकडच्या आदिवासी पोडांवरून आश्रमशाळेत आलेल्या पोराला गुणसूत्रं, युग्मकं, मध्यावस्था, पश्चावस्था हे सगळं कशाला? तो काही डॉक्टर होणार नाही. त्याला नीट वाचता यावं, हिशेब करता यावा, हाताशी एखादं काम असावं. पेशीविभाजनाची आकृती मार्कांपुरती पाठ करून घ्या आणि पुढे चला. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची काळजी घ्यायला आरोग्य खातं आहे. ते रक्त तपासतं, कार्ड देतं आणि लग्नाआधी पत्रिकेसारखी कार्डं जुळवून बघा असं सांगतं. तेवढं पुरे.

असं बोलणारी माणसं त्या मुलांच्या वाईटावर नाहीत. त्यांतली बरीचशी वर्षानुवर्षं त्यांच्यातच राबली आहेत. नववीतला मुलगा जोडाक्षराशी अडखळतो तेव्हा त्यांचा जीव तुटतो, हे मी पाहिलंय. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं की ज्या जिल्ह्यात सिकलसेल वस्त्यावस्त्यांत आहे आणि ज्या जिल्ह्याचं पोट कापसाच्या संकरित बियाण्यावर चालतं, तिथे पेशीविभाजन आणि आनुवंशिकता यांच्याइतका उपयोगाचा दुसरा धडा विज्ञानाच्या पुस्तकात नाही. तो समजलेला नसेल तर हातातलं कार्ड निरुपयोगी ठरतं, आणि कित्येकदा घातकही.

आधी कार्डच बघू. ज्याच्या रक्तात सिकलचं जनुक नाही त्याला पांढरं कार्ड. ज्याच्यात ते एकेरी आहे त्या वाहकाला पिवळं. ज्याच्यात दुहेरी आहे त्या रुग्णाला लाल. हे तीन रंग घेऊन धडा न शिकलेल्या घरात जा. लाल म्हणजे धोका, पांढरं म्हणजे चांगलं आणि पिवळं म्हणजे मधलंच काहीतरी, असाच अर्थ तिथे लावला जातो. मग लाल कार्डाच्या मुलीचं लग्न कुणाशीच करू नये असं ठरतं आणि दोन धडधाकट पिवळ्यांचं लग्न वाजतगाजत लागतं. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. लाल कार्डाच्या मुलीने पांढऱ्या कार्डाच्या मुलाशी लग्न केलं तर त्यांचं एकही मूल सिकलसेलचं रुग्ण होणार नाही. सगळी मुलं वाहक होतील, एवढंच. (तिच्या बाळंतपणात डॉक्टरांना जास्त जपावं लागतं, ती बाब वेगळी.) एक पिवळं, एक पांढरं, तरीही मूल रुग्ण होत नाही. दोन पिवळी एकत्र आली, दोघंही शेतात दिवसभर राबणारी, कधी दवाखान्याची पायरी न चढलेली, तर मात्र प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक असते. धोका दिसतो तिथे नाही आणि आहे तिथे दिसत नाही. ही गोष्ट रंग सांगू शकत नाही. ती कळायला आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी जनुकांची जोडी कशी जमते ते माहीत असावं लागतं.

तपासणीचंही तसंच आहे. शाळेत पथक येतं, बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतलं जातं आणि ते नळीतल्या द्रावणात सोडलं जातं. नळीमागे रेघा आखलेला कागद धरतात. द्रावण स्वच्छ राहिलं आणि रेघा दिसल्या तर सिकलचं हिमोग्लोबिन नाही. गढूळ झालं, रेघा दिसेनाशा झाल्या, तर ते आहे. पण ही सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. दोघांचीही नळी गढूळच होते. त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावं लागतं. त्याचा निकाल यायला वेळ जातो, आणि तोवर 'अमक्याच्या पोरीले सिकल निघाला' ही बातमी गावभर होते. ती पोरगी वाहक असेल आणि आयुष्यभर ठणठणीत राहणार असेल, पण तिच्या घरच्यांना वाहक आणि रुग्ण यांतला फरक कोणी कधी शिकवलेला नाही. रुग्णाला नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर चाचणीत दात्याचं रक्तही मिसळतं आणि निकाल फसवा येऊ शकतो. त्यामुळे 'रक्त बदललं, आता आजार गेला' असं मानणारी घरं आहेत. हा अडाणीपणा नाही. ज्याला काही शिकवलंच नाही तो समोर दिसतं त्यावरून अंदाज बांधणार.

'चारात एक' या दोन शब्दांनी जेवढी फसगत केली तेवढी दुसऱ्या कशानेच केली नसेल. पहिलं मूल सिकलसेलचं निघालं की नातेवाईक धीर देतात, 'आता एक झालं, पुढची तीन चांगली होतील.' आणि पहिली तीन चांगली झाली असतील तर चौथ्याच्या धास्तीने बाई अर्धी होते. दोन्हीही चूक आहे. प्रत्येक गर्भधारणा नव्याने सुरू होते, आधीच्या मुलांशी तिचा काही संबंध नाही. दोघंही वाहक असलेल्या जोडप्याला चार मुलं झाली, तर एकही रुग्ण नसण्याची शक्यता जवळपास 32 टक्के, नेमकं एक रुग्ण असण्याची 42 टक्के आणि दोन किंवा अधिक असण्याची 26 टक्के. हे आकडे सातवी-आठवीच्या गणितातून निघतात.

हे शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन नाणी घ्यावीत, एक आईचं, एक बापाचं. दोन्हींच्या एका बाजूला चिकटपट्टीवर 'ए' (साधं जनुक) आणि दुसऱ्या बाजूला 'एस' (सिकलचं जनुक) लिहावं. चाळीस मुलांच्या वीस जोड्या कराव्यात. प्रत्येक जोडीने दोन्ही नाणी वीस वेळा उडवून निकाल मांडायचा. फळ्यावर चारशे निकाल जमतात आणि दोन्ही 'एस' पडल्याचे शंभराच्या आसपास भरतात. पण एखाद्या जोडीच्या कागदावर ते ओळीने तीनदा आलेले असतात, आणि एखाद्या जोडीला वीसांत दोनदाच मिळालेले असतात. पोरं ते कागद शेजारी ठेवून बघतात. मेंडेललाही 3:1 हे प्रमाण एका झाडावर दिसलेलं नव्हतं. त्याने 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले वाटाणे मोजले तेव्हा ते दिसलं. आईबापांची जनुकं कशी जुळतात ते दाखवणाऱ्या पाठ्यपुस्तकातल्या चौकटीत चार घरं असतात, म्हणून मुलांना चौकट म्हणजे चार मुलांचं कुटुंब वाटतं, आणि मोठेपणी तीच चूक ती आपल्या संसारात करतात. नाणी उडवलेलं पोर ती चूक करत नाही. त्याला जोडाक्षर वाचता येत नसेल, पण नाणं समजतं.

आता पेशीविभाजनाकडे येतो, कारण 'निदान ते तरी वगळा' असा आग्रह याच भागाबद्दल असतो. चौकट शिकवा, पण अर्धगुणसूत्री विभाजनाच्या त्या लांबलचक अवस्था कशाला, असं विज्ञानाचे शिक्षकही म्हणतात. अवस्थांची नावं घोकून घेण्याला माझाही विरोध आहे. पण विभाजन काढून टाकलं तर चौकट हवेत लटकते. आईकडे 'ए' आणि 'एस' दोन्ही असताना मुलाला एकच का जातं? दोन्ही का जात नाहीत? अर्धं 'एस' का जात नाही? माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या. हिमोग्लोबिनचा हा भाग घडवणारं जनुक अकराव्या जोडीवर असतं. बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना प्रत्येक जोडी फुटते आणि जोडीतलं एकच गुणसूत्र युग्मकात जातं. अकराव्या जोडीतलं कोणतं जाईल ते कुणाच्या पुण्याईवर, ग्रहावर किंवा चुकीवर ठरत नाही. नाण्याचा न्याय इथे आहे, पेशीच्या आत. हे दिसल्याशिवाय चौकट म्हणजे आणखी एक तक्ता, आणखी एक पत्रिका.

सूत्री विभाजन तेवढंच महत्त्वाचं. अस्थिमज्जेत तांबड्या रक्तपेशी सतत तयार होत असतात. निरोगी पेशी साधारण 120 दिवस जगते, सिकलची दहा-वीस दिवसांत फुटते. पण नवी पेशी ज्या मूळ पेशीपासून येते तिच्या प्रत्येक विभाजनात जनुकाची हुबेहूब प्रत पुढे जाते. म्हणून हा आजार ताप उतरावा तसा उतरत नाही. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने वेदनांचे झटके कमी होतात, जनुक जात नाही. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने कॅसजेव्ही नावाच्या जनुक-उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्या मज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढून त्यांच्या जनुकांत दुरुस्ती करून त्या परत सोडायच्या, असा तो उपचार. अमेरिकेत त्याची किंमत वीस लाख डॉलरच्या वर ठेवली गेली. उद्या तो स्वस्त झाला आणि यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मिळू लागला असं समजा. त्या उपचाराने बरा झालेला तरुण आपल्या मुलांना 'एस' देईल की नाही? देईल. प्रत्येक मुलाला देईल. कारण दुरुस्ती मज्जेत झाली, युग्मकं बनवणाऱ्या पेशींत झाली नाही. शरीराच्या पेशींचं विभाजन वेगळं आणि युग्मकांचं वेगळं, हे ज्याला कळलं नाही तो बरा होऊनही फसेल.

या सगळ्यात बाईची जी फरफट होते तिच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मूल सारखं आजारी पडतं, हातपाय सुजतात, थंडीत हाडं दुखून रात्रभर रडतं. निदान होतं. आणि सासरी पहिलं वाक्य येतं, 'आमच्या खानदानात कोणालेच नाही, हे तुह्या माहेराहून आलं.' अशा बायकांना मूल काखेत घेऊन माहेरी परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. ज्या मुलाच्या रक्तात दोन 'एस' आहेत, त्यातला एक बापाने दिलेला आहे. त्याला दुसरा मार्गच नाही. रुग्ण मूल हाच बाप किमान वाहक असल्याचा पुरावा असतो. हे एक वाक्य जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला लग्नाच्या वयाआधी कारणासह माहीत असायला हवं. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनाही याच धड्यात उत्तर आहे. एक्स की वाय, हे बापाच्या युग्मकावर ठरतं. कार्डात यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

आता कापूस. 'कारण सांगत बसू नका, काय करायचं तेवढं सांगा' या पद्धतीचा प्रयोग आपल्या जिल्ह्यात आधीच झालेला आहे, आणि त्याचा निकालही लागलेला आहे.

बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कापसाला भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांच्या बोलगार्ड-2 ला 2006 मध्ये. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची वेगळी पुडी यायची, बिगर-बीटी बियाण्याची. शेतकरी तिला रेफ्युजी म्हणायचे. कडेने लावा, अशी सूचना होती. बहुतेकांनी ती फेकली किंवा बांधावर ओतली. बीटी घ्यायला पैसे मोजले आणि कंपनीने सोबत अळी लागणारं बी का दिलं, हे त्यांना कोणी धड सांगितलं नव्हतं. कारण शुद्ध मेंडेलचं आहे. बीटीला दाद न देणारी अळी निपजते तेव्हा तो गुण बहुधा अप्रभावी असतो, म्हणजे दोन्हीकडून आला तरच चालतो. शेजारच्या रेफ्युजीत वाढलेले साधे पतंग अशा पतंगांशी जुळले तर पुढच्या पिढीत तो गुण एकेरी राहतो आणि ती अळी बीटीने मरते. रेफ्युजी नसेल तर दाद न देणारे एकमेकांशीच जुळतात. वाहक आणि रुग्ण यांतला जो फरक माणसात, तोच इथे अळीत. ज्याला पिवळ्या कार्डाचा अर्थ कळला त्याला पुडीचा अर्थ सांगावा लागला नसता.

गोष्ट एवढ्यावरच थांबत नाही. आपल्याकडचा जवळजवळ सगळा बीटी कापूस संकरित आहे. सुरतला डॉ. सी. टी. पटेल यांनी 1970 मध्ये एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला, तेव्हापासून भारताने ही वाट धरली. संकरिताच्या दोन पालकांपैकी एकातच बीटीची जनुकं असतील, तर शेतातल्या झाडात ती एकेरी असतात. झाडाच्या पानापानांत बीटी असतं. पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी आहे. तिच्यात जनुकांची फाटाफूट झालेली असते. दोन जनुकं, स्वतंत्रपणे वाटली जाणारी, म्हणजे 9:3:3:1. सोळांतल्या एका सरकीत दोन्हींपैकी एकही विष नाही, सोळांतल्या सहांत एकच. एक हिरवं बोंड उकला. चार-पाच पाकळ्यांत मिळून पंचवीस-तीस बिया असतात. त्यांतल्या दोनेक बिया गुलाबी बोंडअळीला पूर्ण सुरक्षित, आणि ही अळी नेमकी बोंडात शिरून सरकीच खाते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत काम केलेले डॉ. केशव क्रांती यांनी संकरित बीटीचा हा धोका वारंवार मांडला. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने यवतमाळचा कापूस पोखरून काढला. एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. फरदड, म्हणजे वेचणीनंतर राखलेली कपाशी, मार्चपर्यंत शेतात ठेवल्याने अळीला वर्षभर खायला मिळालं, रेफ्युजी लावली गेली नाही, बनावट आणि चोर बियाणं होतं. पण नववीच्या पुस्तकात वाटाण्याच्या बियांचा रंग आणि आकार घेऊन जे 9:3:3:1 शिकवलं जातं, ते यवतमाळच्या बोंडात होतं आणि आमच्या एकाही विद्यार्थ्याला ते तिथे दाखवलं गेलं नाही. शाळेच्या कुंपणापलीकडे कपाशी उभी असते.

संकरिताचं घरचं बी पुढच्या वर्षी का बिघडतं, यावरही जिल्ह्यात नाना कथा आहेत. कंपनी बियाण्यात काहीतरी टाकते, अशी बहुतेकांची समजूत. टाकत कोणी काही नाही. युग्मकं बनताना जोड्या फुटतात आणि पुढच्या पिढीत एक झाड उंच, एक बुटकं, एक उशिरा फुटणारं, असं सगळं वेगवेगळं होतं. सरळ वाणाचं बी राखता येतं, संकरिताचं नाही, हा फरक ज्याला कारणासह कळला तो शेतकरी दुकानात वेगळा प्रश्न विचारतो. देशी कपाशीत 26 गुणसूत्रं असतात आणि अमेरिकन कपाशीत 52. त्यांचा संकर केला तर 39 ची वांझ झाडं येतात, कारण विभाजनाच्या वेळी जोड्याच लागत नाहीत. अर्धगुणसूत्री विभाजन कशासाठी, असं विचारणाऱ्यांना यवतमाळच्या मातीतून याहून थेट उत्तर मिळणार नाही.

पुडी दिली, कारण दिलं नाही, आणि पुडी बांधावर गेली. आता त्याच गावांत कार्ड द्या, कारण देऊ नका, असं म्हटलं जातं.

विरोधकांचा सर्वांत भारी मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता. ते म्हणतात, शाळेत हे शिकवाल तर मुलींना डाग लागेल. वर्गात सगळ्यांसमोर कोण वाहक ते कळेल, सोयरीक मोडेल, जमातीवर शिक्का बसेल. ही भीती खरी आहे आणि ती मी झटकून टाकणार नाही. पण डाग धड्याने लागतो की धड्याविना, याचे दोन दाखले जगात नोंदलेले आहेत. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावात 1960 च्या दशकात सिकलसेलची तपासणी झाली. जवळपास चौथा हिस्सा माणसं वाहक निघाली. त्यांना सांगण्यात आलं, वाहकांनी आपसात लग्न करू नका. काही वर्षांनी संशोधक परत गेले. वाहक-वाहक लग्नं तेवढीच झाली होती, जेवढी योगायोगाने झाली असती. लोकांनी निकाल लपवले होते आणि वाहक मुली बदनाम झाल्या होत्या. दुसरा दाखला कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा. तिथे 1970 च्या दशकापासून हायस्कुलांत आनुवंशिकता शिकवून, मग मुलांच्या संमतीने टे-सॅक्स आणि थॅलेसेमिया यांच्या वाहकांची तपासणी केली गेली. निकाल ज्याचा त्याला खाजगीत. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या आजारांनी ग्रस्त जन्म 90 टक्क्यांहून अधिक कमी झाले होते. मॉन्ट्रियल श्रीमंत आहे, तिथे गर्भजल तपासणीची सोय होती, हे मान्य. पण नागपूरला मोठे दवाखाने आहेत आणि शेजारच्या चंद्रपुरात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी आयसीएमआरचं केंद्र 2022 च्या डिसेंबरात सुरू झालं आहे. तिथे वेळेवर पोचण्यासाठी गरोदर बाईला आपण वाहक आहोत, नवरा वाहक आहे आणि याचा अर्थ काय, हे पहिल्या तीन महिन्यांत माहीत असावं लागतं. ते तिला कोण सांगणार?

वर्गात कुणाचं कार्ड विचारायचं नाही, कुणाचा निकाल फळ्यावर लिहायचा नाही, हे तर पथ्यच आहे. त्यापुढे जाऊन एक गोष्ट शिकवायला हवी. 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिलं की एकेरी 'एस' असलेल्या मुलांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. म्हणून जिथे जंगल, पाणी आणि मलेरिया, तिथे हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. टिपेश्वरच्या आजूबाजूच्या सागवानी पट्ट्यात राहणाऱ्यांच्या पूर्वजांना याच जनुकाने जगवलेलं असणार. गोंड, परधान आणि बौद्ध समाजात ते जास्त आढळतं, इतर मागास समाजांतही आहे, आणि ते कुणाच्या पापाचं किंवा अशुद्ध रक्ताचं फळ नाही. ज्या मुलीला हे कळलं ती मान खाली घालून बसत नाही. 2023 मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला तेव्हा 'बोजा कमी करतो' असंच सांगितलं गेलं होतं. आपल्या राज्याच्या पुस्तकात तो आहे, ही जमेची बाजू. तो राहू द्या. डाग पुसण्याचं औषध त्याच पानांत आहे.

विदर्भातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी 1958 मध्येच 'लॅन्सेट'मध्ये केली होती. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी पाड्यांवर फिरून आयुष्यभर या आजारावर काम केलं, त्यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. नागपूरचे संपत रामटेके डॉक्टर नव्हते, कोळसा खाणीच्या कंपनीत अभियंता होते. घरातच हा आजार आल्यावर त्यांनी तो समजून घेतला, सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली आणि हजारो घरांना समजावलं. 2018 ची त्यांची पद्मश्री मरणोत्तर होती. सिकलसेल 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आला तो अशाच लोकांच्या रेट्यामुळे. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 ला शहडोलमधून मोहीम सुरू केली, सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असं लक्ष्य ठेवलं. निर्मूलन कशाचं, हेही समजून घ्यावं लागेल. सगळ्या वाहकांनी पांढऱ्या कार्डाशीच लग्न केलं तरी त्यांची सरासरी निम्मी मुलं वाहकच होणार. रुग्ण मुलं थांबतील, जनुक थांबणार नाही. म्हणजे 2047 नंतरही प्रत्येक पिढीला हे नव्याने शिकवावं लागणार. आज पहिलीत असलेली पोरं तोवर आईबाप झालेली असतील.

राहिला वेळेचा आणि बोजाचा मुद्दा. पुस्तकाची मांडणीच बघा. 2017 पासून चालत आलेल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा अठरापैकी सोळावा आहे. सिकलसेल त्याच धड्यात आहे. तो यायला फेब्रुवारी उजाडतो, आणि तेव्हा आमच्या भागातली निम्मी पोरं कापूस वेचणीवर किंवा आईबापांबरोबर स्थलांतरात असतात. अर्धगुणसूत्री विभाजन येतं दहावीच्या दुसऱ्या भागात. म्हणजे चौकट आधी आणि तिचं कारण वर्षभराने. जी मुलगी नववीनंतर शाळा सोडते, आणि पोडावरच्या कितीतरी मुली सोडतात, तिला कारण कधी भेटतच नाही. बोजा कमी करायचा असेल तर घोकंपट्टी कमी करा. पूर्वावस्थेचे पाच टप्पे बिनधास्त काढा. जोडी जमते, जोडी फुटते, एकेक जातं, एवढं आठवीत आणा, जूनमध्ये शिकवा, नाणी उडवून घ्या, बोंड उकलून दाखवा. आरोग्य खात्याचं तपासणी पथक त्यानंतर येऊ द्या, त्याआधी नाही.

शिक्षकांना ते जमणार नाही, असंही म्हटलं जातं. शिक्षक परीक्षेत येतं ते शिकवतात, त्यात त्यांचा दोष नाही. दरवर्षी 'सूत्री विभाजनाची नामनिर्देशित आकृती काढा' असाच प्रश्न आला, तर वर्षभर आकृत्याच काढून घेतल्या जातील. त्याऐवजी मंडळाने एवढं विचारावं: आई-वडील दोघंही वाहक आहेत, पहिल्या मुलाला सिकलसेल आहे, दुसऱ्या गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता किती, ते अर्धगुणसूत्री विभाजनाच्या आधारे सांगा. पाच गुण. मार्चच्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न एकदा आला की पुढच्या जूनपासून जिल्ह्यातली एकही आश्रमशाळा तो धडा सोडणार नाही.